पतपेढीचा पहारेकरी

मुंबई इलाख्यातील सहकारी पतपेढीच्या कचेरीत पूर्वी वर्षातून एकदा एक गृहस्थ येत असत. त्यांच्या आगमनाची वार्ता आठ दिवस आधी लागे आणि तेव्हापासून चिटणीसाची झोप उडे. कीर्द-खतावणी जुळवून ठेवावी लागे, रोकड मोजून ठेवावी लागे, सभासदांचे रोखे गठ्ठ्यातून काढून अनुक्रमाने लावावे लागत. हे गृहस्थ म्हणजे सरकारी हिशेब-तपासनीस. किराणा दुकानदाराच्या वह्या पाहण्यास सरकार असा मनुष्य पाठवीत नसे. सावकाराच्या चोपड्या तर पिढ्यान्‌पिढ्या कोणी परक्याने उघडल्या नव्हत्या. मग दहापाच शेजाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या पेढीच्याच दाराशी सरकारने पहारा का बसवावा? आणि हा पहारा कोणासाठी? कर्ज घेणाऱ्यासाठी, की ठेव ठेवणाऱ्यासाठी? श्रोतेहो, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपल्या कायद्याची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या शोधाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

आरंभ पुणे जिल्ह्यातच होतो. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत मनुष्यहानी फारशी झाली नाही. जमावाचा रोख होता कागदांवर. कर्जखते आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी करावयाची, हाच त्याचा मुख्य हेतू. ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने कागद ही केवढी भयंकर वस्तू असते, हे त्या होळ्यांवरून समजावे. सरकारने चौकशी-मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कर्जाच्या मुळाशी जाऊन मुद्दल किती व व्याज किती हे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास त्याने दिला. परंतु सावकाराचा हात आखडल्यावर बियाण्यास पैसा कोणी द्यावा, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

ते उत्तर देण्याचा यत्न न्यायमूर्ती रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न यांनी केला. पुरंदर तालुक्यात शेतकीची पेढी काढून पाहावी अशी त्यांची योजना होती. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली. लंडनहून मात्र नकार आला. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन यांस युरोपातील शेतकी पेढ्या पाहण्यास पाठविले. १८९५ आणि १८९७ साली त्यांच्या अहवालाचे दोन खंड निघाले आणि त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की, हिंदुस्थानाने आपला रायफायझेन शोधावा. फ्रीडरिश रायफायझेन हा जर्मनीतील एका खेड्याचा नगराध्यक्ष. गावकऱ्यांनी एकमेकांस जामीन राहून पैसा उभा करावा, ही त्याची युक्ती. आपल्याकडे असा पुरुष सापडेपर्यंत थांबावयास सरकार तयार नव्हते. त्याने त्याच्या जागी एक अधिकारी नेमला!

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कायदा होण्यापूर्वीच, १८८९ साली, बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने काही गृहस्थांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली होती. कोणी नोंदणी केली नव्हती, कोणी तपासनीस पाठविला नव्हता. परस्परांच्या ओळखीवर आणि विश्वासावर ती उभी राहिली. सहकार सरकारने शिकविला असे जे म्हटले जाते, ते म्हणूनच पुरते खरे नाही.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, १९०४ साली, सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला. विधेयक सर डेन्झिल इबेट्सन यांनी मांडले. दहा माणसांनी एकत्र यावे आणि पेढी नोंदवावी. खेड्यातील पेढीत चारपंचमांश सभासद शेतकरी असावेत आणि पेढीच्या देण्यास प्रत्येकाची सर्व मालमत्ता जबाबदार असावी. कर्ज सभासदांनाच द्यावे. नफा वाटून न घेता गंगाजळीत टाकावा. याच्या मोबदल्यात मुद्रांक, नोंदणी-फी आणि प्राप्तीवरील कर यांत सवलत. दुसऱ्याच वर्षी धारवाड जिल्ह्यात, गदग तालुक्यातील कणगिनहाळ येथे मुंबई इलाख्यातील पहिली पेढी नोंदली गेली.

या कायद्याचा कणा म्हणजे रजिस्ट्रार. त्याचे अधिकार एकत्र मांडून पाहावे म्हणजे नवल वाटते. पेढी नोंदवावयाची की नाही हे त्याने ठरवावे. खेडोपाडी हिंडून लोकांस सहकाराची तत्त्वे त्यानेच समजावून सांगावी. वर्षातून एकदा तिचे हिशेब त्याने किंवा त्याच्या माणसाने तपासावे. सभासदांत तंटा झाला तर निवाडा त्याच्या अगर त्याने नेमलेल्या पंचाच्या हातून व्हावा. आणि पेढी बिघडली तर ती बंद करण्याचा हुकूमही त्यानेच काढावा. सुईण, शिक्षक, तपासनीस, न्यायाधीश आणि शेवटी अंत्यसंस्कार करणारा, सर्व एकच मनुष्य. आपण जन्मास घातलेल्या आणि वाढविलेल्या पेढीवर दोष ठेवणे म्हणजे स्वतःच्याच कामावर दोष ठेवणे होय. ही अडचण कायदा करणाऱ्यांस दिसली नसेल असे मला वाटत नाही. दुसरा मनुष्य कोठून आणावा हे त्यांस सुचले नाही, इतकेच.

जर्मनीत हे कसे चालले होते ते पाहण्यासारखे आहे. तेथे १८८९ च्या कायद्याने सहकारी संस्थांची तपासणी सक्तीची केली. परंतु ती करणारे तपासनीस पुष्कळ ठिकाणी संस्थांच्या संघांनीच नेमलेले असत. म्हणजे सक्ती सरकारची आणि नजर स्वकीयांची. आपल्याकडे संघ नव्हते, लिहितेवाचते सभासद थोडे. तेव्हा सक्तीही सरकारची आणि नजरही सरकारची झाली. एकदा पडलेली ही चाल मग मोडेना.

बरे, या नजरेस दिसे तरी काय? १९१२ च्या सुधारलेल्या कायद्याने सांगितले होते की, तपासणीत थकबाकी पाहावी आणि पेढीच्या येण्यादेण्याची किंमत ठरवावी. परंतु खेड्यातील पंचांनी यावर एक जालीम तोड शोधून काढली होती. तिचे नाव ‘नवे-जुने करणे’. मार्चअखेर आली की रामाच्या नावे जुने कर्ज जमा दाखवावयाचे आणि दोन दिवसांनी तितकेच नवे कर्ज त्याच्याच नावे टाकावयाचे. पैसा जागचा हलत नाही. वही मात्र स्वच्छ होते. तपासनीसाची बेरीज जुळते, शेरा चांगला पडतो, आणि रामा होता तेथेच राहतो. १९१४ साली नेमलेल्या मॅक्लॅगन समितीने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला, त्याचा सूर असाच होता: बेरजा तपासणे निराळे आणि पेढीचा कारभार तपासणे निराळे. संख्या वाढविण्याच्या भरात देखरेख मागे पडू नये, हा तिचा इशारा होता. संख्या मात्र वाढतच गेली.

आता शहराकडे वळू. येथे पहिल्यापासूनच निराळा प्रकार होता. १९०६ साली पुण्यास कॉसमॉस आणि मुंबईस शामराव विठ्ठल, तर १९१८ साली मुंबईस सारस्वत, अशा संस्था निघाल्या. त्यांत कारकून, शिक्षक, लहान व्यापारी यांनी पैसा ठेवला. खेड्यातील पेढीत सभासद तोच कर्जदार आणि सर्वांची घरेदारे जामीन. त्यामुळे पंचांनी कोणास किती दिले यावर प्रत्येकाचे लक्ष असे. शहरातील विधवा मावशीबाई चारशे रुपये ठेवते, ती कर्ज घेत नाही, सभेस जात नाही, पंच कोण हे तिला ठाऊकही नसते. तिच्या पैशाचा राखणदार कोण? १९०४ चा कायदा कर्जदारास सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी जन्मला होता. ठेवीदाराचा विचार त्यात ओघाने आला, मुद्दाम झाला नाही. माझ्या मते पुढील साऱ्या घोटाळ्यांचे मूळ येथे आहे.

याच सुमारास घडलेली एक गंमतीची गोष्ट सांगतो. १९०७ साली बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फिलीन जगप्रवास करीत बंगालमध्ये आले आणि तेथील खेड्यांतील नव्या पतपेढ्या पाहून प्रभावित झाले. परत गेल्यावर त्यांनी या कल्पनेचा पुरस्कार केला. १९०९ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानाने ‘क्रेडिट युनियन’चा कायदा केला, त्यात तेथील बँक-आयुक्त पियर जे यांचा हात होता आणि क्वेबेकच्या देजार्दँ यांचे साहाय्य होते. म्हणजे कल्पनेचा काही अंश आपल्याकडून गेला. परंतु तेथे या संस्था पहिल्या दिवसापासून बँकांवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कक्षेत आल्या. आपल्याकडे त्या नजरेस साठ वर्षे लागली.

मधल्या काळात इशारे थोडे मिळाले नाहीत. १९२५ साली मुंबई इलाख्याने स्वतःचा कायदा केला. वैकुंठलाल मेहता यांच्यासारख्या माणसाने मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेचा कारभार अनेक वर्षे चोख चालवून दाखविला. पण १९२९ नंतर धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळले तेव्हा वऱ्हाडातील मध्यवर्ती बँकांच्या गळ्यात कर्जापोटी जमिनी येऊन पडल्या आणि त्या घेण्यास गिऱ्हाईक मिळेना. ब्रह्मदेशात तर सारी चळवळच ढासळली. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि तिला शेतकी कर्जाचे स्वतंत्र खाते मिळाले. ते सल्ला देई, पैसा पुरवी, परंतु सहकारी बँकेच्या वह्या उघडण्याचा अधिकार त्यास नव्हता. १९४९ साली बँकांचा मोठा कायदा झाला, त्यातूनही सहकारी बँका वगळल्या गेल्या.

स्वराज्य आल्यावर गुंता आणखी वाढला. गोरवाला समितीच्या पाहणीत आढळले की १९५१-५२ साली शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता. अर्धशतकाच्या खटपटीनंतर एवढेच. समितीने सुचविले की सरकारने संस्थांचे भाग विकत घ्यावेत. झाले! जो तपासतो तोच भागीदार बनला, आणि पुढे पुष्कळ ठिकाणी जो निवडून येतो तोच मंत्रीही असे. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. त्याने रजिस्ट्रारच्या, म्हणजे आताच्या निबंधकाच्या हाती चौकशीची, नुकसानभरपाईची आणि पंचमंडळ बरखास्त करण्याची हत्यारे दिली. हत्यार धारदार असून भागत नाही; ते कोणावर उगारावयाचे हे जर मुंबईतील मंत्रालयात ठरत असेल, तर ठेवीदाराने कशाच्या भरवशावर राहावे?

१९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा सरकारचे डोळे उघडले आणि ठेवींच्या विम्याचा कायदा आला. सहकारी बँकांनाही विमा द्यावयाचा तर त्यांच्यावर नजर हवी, या न्यायाने १ मार्च १९६६ पासून बँकांचा कायदा त्यांना लागू झाला. तेव्हापासून दुहेरी अंमल सुरू झाला. पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणूक, हिशेब-तपासणी आणि बरखास्ती निबंधकाकडे. एका बैलगाडीस दोन गाडीवान, आणि प्रत्येकाच्या हाती एकच कासरा. संस्था अडचणीत आली की रिझर्व्ह बँक निबंधकास लिही आणि निबंधक खात्यास लिही. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा बँक शेअरबाजारातील सट्ट्यापायी बसली, तेव्हा या पत्रव्यवहाराची किंमत ठेवीदारांनी मोजली. त्यानंतर राज्यांशी करारनामे झाले, मंडळे नेमली गेली. परंतु कायदा होता तसाच राहिला.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारास आरंभी खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येऊ लागले. शाखांसमोर निवृत्त माणसांच्या रांगा लागल्या. चौकशीत दिसले की बँकेच्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-समूहाकडे होता आणि तो झाकण्यासाठी हजारो खोटी खाती वह्यांत घातली होती. ‘नवे-जुने’ करणाऱ्या खेड्यातील पंचांचीच ही युक्ती. फरक इतकाच की आता ती यंत्रगणकावर चालली होती, आणि आकडा हजारांचा नसून कोटींचा होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक एका लघुवित्त बँकेत विलीन झाली. परंतु मोठ्या ठेवीदारांस आपले पैसे वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी घेण्याची पाळी आली.

या घटनेने मात्र कायदा हलला. ठेवींचा विमा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांवर गेला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहकारी बँकांची व्यवस्था, हिशेब-तपासणी आणि मंडळाची बरखास्ती यांवर रिझर्व्ह बँकेस थेट अधिकार मिळाला. राज्याचा सल्ला तिने घ्यावा, एवढेच. याच्या उलट दिशेनेही एक निर्णय झाला. २०१२ साली अमलात आलेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांचे नियम घटनेत घातले होते; राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नाही म्हणून जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतील संस्थांपुरता तो भाग रद्द ठरविला. सहकार हा राज्याचा विषय आणि बँकिंग हा केंद्राचा. ही दोरीखेच घटनेतच आहे.

बँकांचे हे असे झाले. पतसंस्थेचे काय? महाराष्ट्रातील असंख्य पतसंस्था अजून निबंधकाच्याच कक्षेत आहेत. रिझर्व्ह बँक त्यांना परवाना देत नाही आणि पाच लाखांचा विमाही त्यांच्या ठेवींस नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थांनी आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर करून जनतेस सावध केले. तेव्हा शहरातील एखाद्या गल्लीत सहकारी बँक आणि पतसंस्था शेजारी शेजारी दिसल्या, तर पाटीवरील त्या एका शब्दात एवढा सारा फरक साठलेला असतो. ठेव ठेवावयास निघालेल्या मावशीबाईचे लक्ष मात्र बहुधा दाराशी लावलेल्या व्याजाच्या दराकडे असते, आणि तो दर पतसंस्थेचा पुष्कळदा अधिक असतो.