ब्लॉकला उशिरा विचारलेला प्रश्न

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले; त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. योगायोगच, पण फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रकार अशा अँटिबॉडींनी, म्हणजे मार्करने, ओळखणे नित्याचे व्हायला त्यानंतर अर्धे शतक उलटून जावे लागले. या दिरंगाईचे खापर सहसा तंत्रावर फुटते. मला ते पटत नाही. एकजिनसी अँटिबॉडी हव्या तितक्या बनवण्याची कोहलर-मिलस्टाइन यांची रीत १९७५ मध्येच हाती आली होती. अडले होते ते निराळ्याच ठिकाणी. गाठ ‘स्मॉल सेल’ प्रकारची की इतर, एवढे ठरले की उपचार ठरत, आणि तेवढे बहुधा नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगांतही दिसे. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली आणि १९६३ पासूनच्या कर्करोग नोंदणीत बोरिवली-घाटकोपरचा रुग्णही मोजला जाऊ लागला. पण त्याची गाठ ‘इतर’मधल्या दोन मुख्य प्रकारांपैकी कोणती, अ‍ॅडेनो की स्क्वॅमस, यावर त्याचे औषध अवलंबून नव्हते.

औषधे बदलली तसा प्रश्न बदलला. बेव्हॅसिझुमॅबने स्क्वॅमस गाठीत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, पेमेट्रेक्सेड तिथे फिके पडते, आणि ईजीएफआर जनुकातला बदल मुख्यतः अ‍ॅडेनोत सापडतो, हे २००४ नंतरच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. टाटा मेमोरियलने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९०७ रुग्णांच्या अभ्यासात हा बदल २३ टक्क्यांत आढळला. आता टीटीएफ-१ हा मार्कर अ‍ॅडेनोकडे बोट दाखवतो, पी४० स्क्वॅमसकडे. मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टची नजर पुरेशी नाही का, असा आक्षेप येतो. गाठीने आपली घडण राखली असेल तर पुरते, निःसंशय. पण सुईने काढलेल्या धाग्याएवढ्या तुकड्यात घडणच दिसत नसेल, तर नजर तरी कशावर ठरणार? दुसरा आक्षेप वजनदार आहे: टीटीएफ-१ थायरॉइडच्या गाठीतही उमटतो, स्मॉल सेलमध्येही, आणि काही अ‍ॅडेनोत मुळीच नाही. म्हणूनच मार्कर हा साक्षीदार. निवाडा रचना, छातीचा स्कॅन आणि रुग्णाची हकिगत एकत्र पाहूनच होतो.

साक्षीदारांची गर्दीही परवडत नाही. उपनगरात छातीतल्या डागावर आधी ‘एकेटी’, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू होणे नवे नाही. मग उशिरा निघालेला इवलासा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो आणि नातेवाइकांच्या पिशवीतून लोकलने परळला फेरतपासणीला येतो. २०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने मोजकेच मार्कर लावण्याचा आग्रह धरला तो याचसाठी: जनुकतपासणीचे कापही त्याच ब्लॉकमधून काढायचे असतात.