एका बाटलीचा पूर्वेतिहास

रुग्ण समोर बसला की आम्ही डॉक्टर आधी पूर्वेतिहास विचारतो. जुन्या वाइनच्या लिलावातही पहिला प्रश्न तोच असतो: ही बाटली आजवर कुठे होती?

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात १९४५ सालच्या ‘रोमाने-कोंती’ची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. अंदाज जास्तीत जास्त ३२,००० डॉलरचा होता. ती आली होती फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातून, बोन शहरातले वाइन व्यापारी रोबेर द्रुआं यांच्या खासगी तळघरातून.

त्या वर्षी या वाइनच्या जेमतेम ६०० बाटल्या भरल्या गेल्या. कारण एक कीटक. फिलॉक्सेरा द्राक्षवेलीची मुळे पोखरतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून येऊन त्याने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र मूळ वेली कार्बन डायसल्फाइडच्या जोरावर जगवल्या. (हे रसायन माणसाच्या मज्जातंतूंनाही घातक, हे जाता जाता सांगतो.) युद्धकाळात ते मिळेना, वेली खंगल्या आणि १९४५च्या तोडणीनंतर उपटून टाकाव्या लागल्या. पुढची वाइन निघाली थेट १९५२ साली.

आता द्रुआंच्या तळघराची गोष्ट. १९४० मध्ये जर्मन फौजा येताहेत म्हटल्यावर मोरीस द्रुआं यांनी उत्तम बाटल्यांपुढे भिंत बांधली. भिंत जुनी दिसावी म्हणून घरातल्या मुलांनी कोळी पकडून आणून तिच्यावर सोडले, अशी आठवण सांगतात. १९४४ मध्ये गेस्टापो दाराशी आले, तेव्हा मोरीस याच तळघराच्या वाटेने निसटले. लपले कुठे? गावच्या इस्पितळात!

हे इस्पितळ म्हणजे ओतेल-द्यू. निकोला रोलँ आणि त्यांची पत्नी गिगोन द सालँ यांनी ते १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन केले. लोक त्याला द्राक्षमळे दान देत, आणि १८५९ पासून त्या मळ्यांच्या वाइनचा जाहीर लिलाव होतो. आता तो नोव्हेंबरात असतो, आणि पैसा रुग्णसेवेला जातो. दारू विकून दवाखाना चालवणे डॉक्टर म्हणून मला खटकते, कारण मद्यामुळे कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. पण त्या जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्णांवर उपचार होत होते, हेही नाकारता येत नाही. मोरीस यांनी आश्रयाची परतफेड म्हणून आपला मळा इस्पितळाला दिला. त्यांच्या नावाची पिंपे तिथे आजही विकली जातात.

पूर्वेतिहास नसला तर काय होते, तेही पाहा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका लिलावात पोन्सो घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’च्या १९४५ पासूनच्या बाटल्या मांडल्या गेल्या. लोराँ पोन्सो स्वतः विमानाने तिथे पोहोचले, कारण त्यांच्या घराण्याने ही वाइन १९८२ पूर्वी कधी बनवलीच नव्हती! बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या विकायला आणणारा रूडी कुर्नियावान घरीच बनावट वाइन तयार करत असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

बनावट बाटलीची किंमतही लाखांत लागत होती, आणि पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या जिभेला फरक कळला नव्हता.