स्वार आणि चाबूक

शिंदे, होळकर व गायकवाड यांच्या फौजांबरोबर जी मराठी कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे जाऊन स्थायिक झाली, त्यांना पागेची भाषा परकी नाही. खोगीर, रिकीब, तोबरा, खरारा, मांड हे शब्द त्या भाषेतलेच. त्यांपैकीच एक ‘चाबुकस्वार’. नवा घोडा शिकवून तयार करणारा तो चाबुकस्वार. शब्द ऐकताच हाती आसूड घेतलेला मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो; परंतु फारसीत ‘चाबुक’ या शब्दाचा एक अर्थ चपळ, तत्पर असा आहे, आणि चाबुकस्वार म्हणजे निष्णात स्वार. आसूड हा दुसरा अर्थ. मराठीत तेवढाच उरला. अश्वारोहणाचा इतिहास पाहू लागलो म्हणजे या दोन अर्थांचे भांडण शतकानुशतके चाललेले दिसते.

या विषयावरील जे जुने ग्रंथ संपूर्ण स्वरूपात आपल्या हाती आले आहेत, त्यांत अथेन्सच्या झेनोफनचा ग्रंथ अग्रगण्य होय. हा सॉक्रेटिसाचा शिष्य. इ. स. पूर्व ४०१ साली इराणच्या राजकुलातील कलहात भाडोत्री ग्रीक सैन्याबरोबर तो गेला आणि सेनापती मारले गेल्यावर ते सैन्य परत आणण्याच्या कामात पुढे झाला. असा रणात मुरलेला मनुष्य घोड्याविषयी लिहू लागतो तेव्हा शौर्याच्या गोष्टी बाजूस ठेवून प्रथम खुरांकडे पाहावयास सांगतो. पाया कच्चा असेल तर घर कसले, असे त्याचे म्हणणे. शिंगरू माणसावर प्रेम करू लागावे म्हणून त्याने जी युक्ती सांगितली आहे ती मला फार मार्मिक वाटते. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास शिंगराला एकटे असताना भोगावा लागावा. आणि दाणा, पाणी व त्रासातून सुटका मात्र माणसाच्या हातून व्हावी.

घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर काय करावे? झेनोफन म्हणतो, त्याला मारू नये. मारले तर ती वेदना त्या वस्तूपासूनच झाली असे घोड्याला वाटते व भीती दुणावते. स्वाराने स्वतः त्या वस्तूला हात लावावा आणि घोड्याला हळूहळू जवळ न्यावे. रागाच्या भरात घोड्यापाशी जाऊच नये, हा तर त्याचा मुख्य नियम. आणि घोड्याने सांगितलेले केले, की त्याच क्षणी त्याला मोकळीक द्यावी. त्या काळी ग्रीसमध्ये रिकीब नव्हती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. खुर्चीत बसल्यासारखे न बसता, पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे बसावे, असे तो सांगतो. आधार काय तो मांडीचा आणि तोलाचा.

पुढे ही दृष्टी मागे पडली. १५५० साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने या सरदाराचा ग्रंथ छापला गेला आणि युरोपभर पसरला. आज्ञा पाळणाऱ्या घोड्याला कुरवाळावे असे तोही म्हणतो; पण हट्टी घोड्यासाठी त्याने सांगितलेले उपाय वाचवत नाहीत. काठीच्या टोकाला जिवंत मांजर बांधून ते घोड्याच्या मागच्या पायांमध्ये धरणे, हा त्यांतलाच एक! नेपल्समध्येच शिकून आलेल्या प्लुव्हिनेल या फ्रेंच अश्वविद्याविशारदाने मात्र तेराव्या लुईला निराळे धडे दिले. चाबूक व टाच यांचा उपयोग अगदी क्वचित करावा, आधी घोड्याच्या बुद्धीला काम द्यावे, हे त्याचे मत त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

तरीही एक गोष्ट राहूनच गेली होती. उडी मारताना स्वाराने मागे रेलावे, रिकिबी लांब ठेवाव्यात आणि लगाम खेचून घोड्याचे डोके वर उचलावे, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घोडदळांतून दंडक होता. त्यामुळे उतरताना पुढच्या पायांवरील भार हलका होतो अशी समजूत. १८६८ साली जन्मलेला इटालियन घोडदळातील अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली याने काय केले, तर पाठीवर कोणी नसताना घोडा उडी कशी मारतो ते पाहिले. मोकळा घोडा मान पुढे व खाली ताणतो आणि पाठीची कमान करतो. म्हणजे स्वार नेमक्या त्या क्षणी त्याचे तोंड ओढीत होता आणि आपले सारे वजन त्याच्या कमरेवर आदळीत होता. घोडा हुकूम मानी आणि बदल्यात त्याला दुखापत मिळे! मग तो उडीला नकार देई आणि ‘हट्टी’ ठरे.

काप्रिल्लीने रिकिबी आखूड केल्या, बैठक खोगिरावरून उचलली, शरीर पुढे नेले आणि हात घोड्याच्या तोंडाच्या मागोमाग जाऊ दिले. वरिष्ठांना हे प्रथम रुचले नाही. १९०२ साली तुरीन येथे मेलोपो या घोड्यावरून त्याने २ मीटर ८ सेंटिमीटर उंचीची उडी मारली, आणि पुढे इटलीच्या घोडदळाने त्याची पद्धत पत्करली. आज उड्यांच्या स्पर्धांत जगभर जी बैठक दिसते तिचे मूळ तेथे आहे. १९०७ साली तुरीनमध्येच घोड्यावरून पडून त्याचा अंत झाला.

त्याच वर्षी लाइपझिगमध्ये ऑस्कर फुंग्स्ट याचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. फॉन ओस्टेन नावाच्या एका निवृत्त शिक्षकाचा हान्स हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. (आम्हा शिक्षकांची हौस कोठवर जाईल, सांगता येत नाही.) फुंग्स्टने दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही ते येत नाही. बरोबर आकडा आला की प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित हलते. एवढ्यावरून हान्स थांबत असे. माणसांना जी हालचाल दिसली नव्हती, ती घोडा वाचीत होता. मग पाठीवर बसलेल्याची मांडी आवळली, श्वास अडकला, नजर खाली वळली, हे त्याला कळल्यावाचून कसे राहील?

व्हिएन्ना येथील स्पॅनिश अश्वारोहण विद्यालयात आजही नवशिक्याच्या हाती प्रथम लगाम देत नाहीत. मध्यभागी उभा असलेला शिक्षक लांब दोर धरून घोडा गोल फिरवतो, आणि रिकिबीवाचून, लगामावाचून, नुसत्या तोलावर विद्यार्थी महिनोन्‌महिने त्यावर बसून राहतो.