खटका, विद्युत कनेक्टरचा (भालकी परिसराच्या संदर्भात)

तारांची दोन टोके हवी तेव्हा जोडता यावीत आणि हवी तेव्हा सोडवता यावीत यासाठी जे साधन वापरतात ते कनेक्टर. आणि जोडलेला कनेक्टर आपोआप सुटू नये म्हणून त्याच्या अंगावर जी लवचीक जीभ, आकडा, खुंटी किंवा फिरते कडे असते तो त्याचा खटका. गॅरेजमध्ये कनेक्टरला कपलर आणि खटक्याला लॉक म्हणतात. वायरमनच्या तोंडी थ्री-पिन टॉप आणि होल्डर हे शब्द असतात. खटक्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. धक्का, कंप, ओढ यांना त्याने दाद देऊ नये, आणि माणसाने सोडवायचे ठरवले की अडूनही बसू नये. एक वाढवले की दुसरे कमी होणारच, म्हणून यात तडजोड करावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. ओढ ज्या दिशेने येते ती वाट आणि सोडवण्याची वाट वेगळी ठेवली, तर एकाच खटक्यात दोन्ही गुण पूर्णपणे मिळतात. त्याहून पुढचे म्हणजे, जो खटका सहज सुटत नाही तो फार काळ सुरक्षितही राहत नाही.

बीदर जिल्ह्यातील भालकी तालुका हा विषय तपासायला चांगली जागा आहे. विकाराबाद–परळी रेल्वेमार्गावरचे हे गाव. तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजा नदीवर धरण. काळी जमीन, तूर, सोयाबीन आणि ऊस. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पावसाळ्यात चिखल, मळणीत भुसा आणि धूळ. वीज येते ती २००२ मध्ये स्थापन झालेल्या गुलबर्गा वीजपुरवठा कंपनीकडून, म्हणजे जेस्कॉमकडून. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेने सौरपंपांना चालना दिली आणि शेताच्या बांधावर एकदिश प्रवाहाचे कनेक्टर आणले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनी दुचाकीतला कार्ब्युरेटर जवळपास घालवला आणि त्याच्या जागी सेन्सर, इंजेक्टर आणि त्यांचे कपलर आले. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. इथे एकाच गाडीला किंवा पंपाला हात लावणारी माणसे मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी असतात. इंग्रजी सूचनापत्रकावर विसंबणारा कनेक्टर त्यांच्यापुढे मुका ठरतो. बसला की 'टक्' असा आवाज आणि बोटाला जाणवणारा ठोका, आणि दाबायच्या जागी खरखरीत उंचवटा, एवढ्यावर काम भागले पाहिजे.

सर्वांत प्रचलित खटका म्हणजे एका टोकाला रुजलेली प्लास्टिकची जीभ आणि तिच्या मोकळ्या टोकाजवळचे दातासारखे टोक. या दाताला दोन उतार असतात : पुढचा, ज्यावरून तो घसरत आत जातो, आणि मागचा, जो खाचेच्या कडेला अडतो. सगळी करामत या दोन उतारांत आहे. समजा, जीभ बाजूला वाकवायला १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलो वजनाएवढे बल लागते आणि प्लास्टिकवर प्लास्टिक घासताना घर्षणगुणांक ०.३ आहे. पुढचा उतार ३० अंशांचा ठेवला तर कनेक्टर आत बसवायला सुमारे १०.६ न्यूटन पुरतात. मागचा उतार ६० अंशांचा ठेवला तर तोच कनेक्टर ओढून काढायला ४२ न्यूटन लागतात, म्हणजे चौपट. मागचा उतार ७३ अंशांच्या पुढे गेला की हिशेबाचा स्वभावच बदलतो : आता कितीही ओढले तरी दात घसरत नाही, घर्षणच त्याला जागच्या जागी धरून ठेवते. तेव्हा जीभ सुटत नाही, सुटायची तर ती मोडूनच. जिभेचा ताठपणा मात्र तोच, १० न्यूटनचा. म्हणून अंगठ्याने ती बाजूला दाबली की तेवढ्याच हलक्या बळाने कनेक्टर मोकळा होतो. पकड वाढवण्यासाठी जीभ जाड करण्याची गरज नव्हती. कोन बदलणे पुरेसे होते. जाड जिभेने मात्र बसवणे आणि सोडवणे दोन्ही अवघड झाले असते.

हे तत्त्व कारखान्यातून आलेले नाही. जुवाला लावलेली शिवळ हेच करते : बैल बाजूला सरकू पाहतो, शिवळ निघते ती वरच्या दिशेने, त्यामुळे बैलाच्या ताकदीपुढे ती टिकते आणि माणसाच्या दोन बोटांनी निघते. घरातला दोन खुंट्यांचा बल्बचा होल्डरही याच जातीचा. बल्ब आत दाबायचा, थोडा फिरवायचा, सोडायचा. आतल्या स्प्रिंगा त्याला उलट ढकलून खाचेच्या वळणात बसवतात. बल्ब नुसता फिरवून सुटत नाही आणि नुसता ओढूनही नाही. दोन्ही हालचाली क्रमाने कराव्या लागतात, आणि तो क्रम कंप किंवा धक्का आपणहून कधीच करत नाही. आट्यांचा बल्ब सतत हादऱ्याने हळूहळू सैल होऊ शकतो, कारण त्याची सुटण्याची वाट एकाच हालचालीची आहे. स्वस्त आणि सामान्य वस्तूत इतके नेमके तत्त्व वापरलेले फार थोड्या ठिकाणी सापडते.

खटक्याचे खरे महत्त्व कळते ते संपर्काच्या पोटात शिरल्यावर. विजेचे वहन खटका करत नाही. ते आतल्या धातूच्या पात्या आणि पिना करतात, आणि त्या एकमेकींवर किती दाबाने टेकतात यावर जोडणीची प्रत ठरते. कथिलाचा मुलामा असलेल्या संपर्काला साधारण एक न्यूटन दाब लागतो, सोन्याच्या मुलाम्याला त्याच्या निम्मा पुरतो. आता पिना वीस-तीस असल्या की हा दाब पिनांनीच कनेक्टर धरून ठेवावा असा वाढवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण मग प्रत्येक वेळी बसवताना मुलामा खरवडला जातो आणि जोडणीसाठी दोन्ही हातांचा जोर लागतो. धरण्याचे काम खटक्याकडे आणि वहनाचे काम पिनांकडे, ही विभागणी झाली की पिना हलक्या ठेवता येतात. मात्र खटक्यातही एक कळीची अडचण आहे. दात खाचेपलीकडे गेल्याशिवाय 'टक्' होत नाही, म्हणजे कनेक्टर जरा जास्त आत जाऊन किंचित मागे येतो आणि तेवढा खुळखुळा शिल्लक राहतो. गाडीच्या इंजिनाजवळ तो खुळखुळा घातक असतो : पिना सूक्ष्म अंतराने पुढे-मागे घासत राहतात, कथिलाचा ऑक्साइड साचतो आणि गाडी विनाकारण बंद पडू लागते. पाणी रोखण्यासाठी घातलेली रबरी गोट इथे दुसरे काम करते. ती दाबलेली राहून कनेक्टरला सतत खाचेवर रेटते आणि खुळखुळा संपवते. रबर वाळून कडक झालेला कपलर बाहेरून शाबूत दिसला तरी आतून बिघडलेला असू शकतो.

सौरपंपाच्या तारांवर हाच प्रश्न आगीपर्यंत पोचतो. चांगल्या जोडणीचा रोध एक मिलिओहमच्या आत असतो. १० अँपिअरला तिथे ०.१ वॉट उष्णता होते, जी जाणवतही नाही. अर्धवट बसलेल्या, धूळ शिरलेल्या जोडणीत रोध ०.१ ओहम झाला तर तिथेच १० वॉट तयार होतात, आणि बोटाएवढ्या प्लास्टिकला ते वितळवायला पुरेसे आहेत. शिवाय घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेलमधून येणाऱ्या एकदिश प्रवाहाला अशी विश्रांती नाही, ठिणगीची ज्वाळा तग धरते. म्हणून सौर तारांवरच्या एमसी४ जातीच्या कनेक्टरला दोन बाजूंना दोन आकडे असतात आणि ते एकदमच दाबावे लागतात. अमेरिकेच्या २००८ च्या विद्युत संहितेने ३० व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या, सहज हाती लागणाऱ्या सौर जोडण्यांसाठी हत्याराशिवाय न उघडणारा खटका सक्तीचा केला.

इथे पहिला आक्षेप येतो : सुटायला सोपे असणे हाच धोका असेल तर हत्याराची अट बरोबर, मग सहजतेचा आग्रह कशाला? उत्तर असे की हत्यार हीही सोडवण्याची ठरवून दिलेली वाटच आहे, फक्त ती जाणकाराच्या खिशात ठेवलेली आहे. दोन बोटांचे ते प्लास्टिकचे हत्यार लावले की कनेक्टर एका क्षणात सुटतो. अडचण होते ती हत्यार शेतकऱ्याच्या हाती न देता पंप बसवून जाणारे लोक निघून गेल्यावर. मग पॅनेल धुताना किंवा दुरुस्तीला कोणी स्क्रूड्रायव्हरने आकडा उचकटतो, आकडा तुटतो, आणि पुढे ती जोडणी टेपच्या भरवशावर राहते. अवघड सुटण्यामुळे मिळालेली सुरक्षितता पहिल्याच दुरुस्तीत संपते. कुलूप दिले तर किल्लीही दिली पाहिजे.

खटक्याची आणखी चांगली योजना अशी असते की तो सोडवायला घेतला की वीज आधी बंद व्हावी. अमेरिका-जपानमध्ये प्रचलित असलेल्या टाइप-१ चार्जिंग गनवर अंगठ्याचा खटका दाबताच आतला लहान स्विच उघडतो, गाडीला ते कळते आणि ती प्रवाह घेणे थांबवते. पिना सुटतात त्यानंतर. गिरण्या आणि कारखान्यांतल्या निळ्या-तांबड्या इंडस्ट्रियल प्लगांची, म्हणजे आयईसी ६०३०९ प्रकाराची, रचनाही बोलकी आहे : १६ आणि ३२ अँपिअरच्या सॉकेटचे झाकणच प्लगच्या उंचवट्यावर आकड्यासारखे बसते, ओढले तर धरते, आणि हाताने वर उचलले की प्लग मोकळा; ६३ अँपिअरपासून पुढे फिरते कडे आणि एक आखूड नियंत्रक पिन असते, जी सर्वांत शेवटी जोडली जाते आणि सर्वांत आधी सुटते, म्हणजे जड प्रवाह तोडण्याचे काम मुख्य पिनांवर येत नाही. शेतातल्या तीन फेज मोटारीला स्टार्टरपेटीत थेट तारा आवळण्याऐवजी असा तांबडा प्लग असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीवरची मोटार दुरुस्तीला नेताना तारा कापून पुन्हा पिळण्याची पद्धत प्रत्येक वेळी एक नवा कच्चा जोड तयार करते.

दुसरा आक्षेप असा : घरातल्या तीन पिनांच्या टॉपला कुठलाच खटका नाही, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. मोबाइलच्या यूएसबी-सीलाही फक्त पकड आहे : बसवायला ५ ते २० न्यूटन, काढायला नव्या अवस्थेत ८ ते २०, आणि दहा हजार वेळा काढघाल केल्यावरही किमान ६. घर्षण पुरते, हे खरे. पण ते पुरते जिथे ओढ कमी, कंप नाही आणि निसटले तरी नुकसान नाही. किंबहुना पायात अडकणाऱ्या तारेला ओढ लागताच सुटू देणे हेच शहाणपणाचे असते. २००६ साली आलेली अॅपलची चुंबकी चार्जर-जोडणी याच विचाराची. तिथे ओढीचीच दिशा सुटण्याची दिशा म्हणून जाणूनबुजून निवडली आहे. म्हणून हे उदाहरण मूळ मुद्द्याला छेद देत नाही. कनेक्टरला कोणत्या दिशेने जाऊ द्यायचे हे रचनाकाराने ठरवलेच पाहिजे, एवढेच त्यातून दिसते. आणि थ्री-पिन टॉपबद्दल सांगायचे तर हीटर, इस्त्री यांचा सैल झालेला टॉप काळा पडलेला पुष्कळ घरांत दिसतो. घर्षणावरच्या पकडीची झीज कोणी मोजत नाही.

खर्चाचा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे, पण त्यातही फारसे बळ नाही. जिभेला न मोडता किती वाकता येते हे तिच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते : २ टक्के ताण सोसणाऱ्या प्लास्टिकची १० मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर जाड जीभ सुमारे १.३ मिलिमीटर वाकते, तीच ५ मिलिमीटर लांब असेल तर फक्त ०.३३. म्हणजे चार-पाच मिलिमीटर प्लास्टिकच्या काटकसरीने वाकण्याची सोय पाऊण हिश्श्याने जाते. स्वस्त कपलरांची जीभ हमखास आखूड असते आणि मोडते ती मुळाशी, जिथे कोपरा गोलाई न देता काटकोनात सोडलेला असतो. नायलॉनच्या जिभेला थोडा ओलावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती अधिक ताठ आणि ठिसूळ होते, म्हणून उन्हाळ्यात कपलर उघडताना घाई टाळावी. बीएस-६ गाडीच्या बऱ्याच कपलरांवर लाल किंवा पिवळी लहान पट्टी असते. आधी ती मागे सरकवायची, मग जीभ दाबायची, आणि सोडवताना कपलरचे अंग धरून ओढायचे, तारा नव्हे. राउटरच्या केबलच्या टोकावरची जीभ पुढच्या नाकाला रुजलेली आणि मागे मोकळी असते. केबलींच्या गुंत्यातून ती उलटी ओढली की जीभ अडकून तुटते, म्हणून तिच्यावर रबरी टोपी असलेलीच केबल घ्यावी.

भालकी, उदगीर किंवा बीदरच्या बाजारात सौर कनेक्टर घेताना दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्यावेत. एकमेकांत बसतात म्हणून जुळतातच असे नाही, दात आणि खाचेच्या मापातला केसाएवढा फरक पुढे उष्णतेच्या रूपाने बाहेर येतो. पंप बसवून घेताना उघडण्याचे हत्यार मागून घ्यावे आणि स्टार्टरपेटीतच टांगून ठेवावे. खटका तुटलेला कनेक्टर टेपने बांधू नये, ऊन उतरल्यावर पुरवठा तोडून तो बदलावा.