आधी पाखडावे, मग मापावे

शास्त्राचा इतिहास सांगू लागले की बोलणे शोधांचे आणि यंत्रांचे होते; नमुना धुण्यात आणि गाळण्यात गेलेले दिवस कोणी सांगत नाही. डीएनएच्या बाबतीत हा क्रम उलटून पाहावा असे आम्हांस वाटते. आज या द्रव्याचे रेणू एकेक करून मोजता येतात, आणि ती मोजणी खरी की खोटी हे त्या धुण्या-गाळण्यातच ठरते.

आरंभ १८६९ सालचा. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे एका किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात फ्रीडरिश मीशर हा तरुण स्विस वैद्य रुग्णालयातील पुवाने भरलेल्या पट्ट्या धूत बसे. नासलेल्या पट्ट्या तो टाकून देई. उरलेल्या सोडियम सल्फेटच्या द्रावणात धुऊन पेशी वेगळ्या करी आणि डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने प्रथिने पचवून टाकी. अखेर केंद्रकातील जे फॉस्फरसयुक्त द्रव्य उरले त्यास त्याने ‘न्यूक्लीन’ म्हटले. गुरू होप्पे-झायलर यांनी सारे प्रयोग स्वतः करून पाहिले, तेव्हा कुठे १८७१ मध्ये तो निबंध छापला गेला. पुढे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी जीवाणूचा गुणधर्म पालटणारे द्रव्य डीएनए आहे असे दाखविले. त्यांवर आक्षेप आला तोही हाच, की नमुन्यात थोडे प्रथिन उरले असेल!

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची युक्ती सुचली. एका रेणूचे कोट्यवधी होऊ लागले, पण मुळात किती होते हे अंदाजानेच सांगावे लागे. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील सायक्स, मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुना इतका पातळ केला की काही नळ्या रिकाम्याच राहाव्यात. रिकाम्या किती यावरून प्वासाँच्या गणिताने मूळ संख्या काढली. १९९९ मध्ये फोगेलस्टाइन आणि किंझलर यांनी या पद्धतीस ‘डिजिटल पीसीआर’ हे नाव दिले आणि आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या मलातील बिघडलेले जनुक शोधले. पुढे नळ्यांच्या जागी सुमारे २०,000 सूक्ष्म थेंब आले.

पण यंत्र नसलेले कोठून मोजणार? मानवी डीएनएच्या एका नॅनोग्रॅममध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या सुमारे ३०० प्रती असतात. दहा नॅनोग्रॅम घेतले तर तीन हजार. रोगट रेणू दहा हजारांत एक असेल, तर तो त्या नमुन्यात बहुधा आलेलाच नसतो. डीएनएचे धागे लांबच लांब राहिले, तर एकाच धाग्यावरच्या दोन प्रती एका थेंबात जातात आणि एकच मोजल्या जातात. म्हणून मोजायचा भाग न तुटेल अशा बेताने धागे आधी कापावे लागतात. फॉर्मलिनमध्ये मुरलेल्या ऊतीत काही अक्षरे रसायनानेच पालटतात आणि नसलेला बिघाड दिसू लागतो. साध्या नळीत रक्त तसेच ठेवून दिले, तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा मूठभर डीएनए बुडून जातो.

अशा वेळी यंत्र ‘नाही’ म्हणते, आणि रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. ती चूक यंत्राची नव्हे. ती तासाभरापूर्वी रक्ताची नळी तशीच पडू दिली त्या हातांची होय. आपल्या घरी धान्य पाखडल्यावाचून कोणी मापाला लावीत नाही. मीशर पट्ट्या निवडीत बसला, तोही हेच जाणून. मोजणीची साधने दीडशे वर्षांत पार पालटली. ही पाखडण्याची जबाबदारी मात्र अजून माणसाच्याच हातात आहे.