आवडत्या निष्कर्षाची पारख

एखादा निष्कर्ष आपल्या मनासारखा निघाला, की तो कोणत्या मार्गाने निघाला हे विचारण्याचे भान राहत नाही. समाजशास्त्राच्या इतिहासातील असा एक निष्कर्ष आपणां कॅथोलिकांना सुखावणारा आहे. प्रॉटेस्टंट समाजापेक्षा कॅथोलिक समाजात आत्महत्यांचे प्रमाण कमी असते, हा तो निष्कर्ष. एमिल दुर्खीम या फ्रेंच पंडिताने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात त्याची मीमांसा केली. पुढे शंभर वर्षे त्याची जी पारख होत गेली, तिचा वृत्तांत आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

दुर्खीम हा लॉरेन प्रांतातील एका यहुदी रब्बीचा पुत्र. आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी कृतीचा अभ्यास करावा कसा, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न होता. एकेका दुर्दैवी जिवाची कहाणी धुंडाळण्याचा मार्ग त्याने सोडला. सरकारी दप्तरात आत्महत्येचे जे ‘कारण’ लिहिले जाते, तो अधिकाऱ्याचा तर्क असतो, असे त्याचे मत होते. म्हणून त्याने आकड्यांचा आधार घेतला. देशोदेशींचे आत्महत्येचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर राहते. तेव्हा त्याचे मूळ समाजाच्या घडणीत शोधले पाहिजे, असे त्याने प्रतिपादिले. फ्रान्सच्या न्यायखात्यातील अप्रकाशित कागदपत्रे त्याला पाहू दिली ती गाब्रिएल तार्द यांनी. ते वैचारिक क्षेत्रात त्याचे प्रतिस्पर्धी होते! सुमारे २६,००० प्रकरणांची वर्गवारी त्याचा भाचा मार्सेल मॉस याने केली.

दोन्ही पंथ आत्महत्येचा सारखाच निषेध करतात. मग फरक का? दुर्खीमचे उत्तर असे, की कॅथोलिक मनुष्य सामायिक श्रद्धा आणि उपासनेच्या धाग्यांनी समाजाशी अधिक घट्ट बांधलेला असतो. मुलाबाळांचे कुटुंबही माणसाला असेच सावरून धरते, असे त्याने दाखविले.

पहिला गंभीर आक्षेप १९५० साली पुढे आला. अमेरिकन संशोधक रॉबिन्सन यांनी १९३० च्या जनगणनेतील एक विसंगती दाखवून दिली. ज्या राज्यांत परदेशातून आलेल्यांची वस्ती अधिक, तेथे निरक्षरता कमी होती. यावरून परदेशी लोक अधिक साक्षर, असे कोणीही म्हणेल. वस्तुस्थिती उलट होती! मुळातच साक्षर असलेल्या राज्यांत ते जाऊन राहिले होते, इतकेच. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी बोलणे कसे फसवे ठरते, ते येथे दिसते. दुर्खीमचा बराचसा पुरावा प्रांताप्रांतांच्या तुलनेचा होता. प्रॉटेस्टंट प्रांतात आत्महत्या अधिक होत असतील. पण त्या करणारे प्रॉटेस्टंटच होते, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. १९६७ साली जॅक डग्लस यांनी विचारले, की एखादा मृत्यू आत्महत्या होता, हे ठरवितो कोण? अधिकाऱ्याने लिहिलेल्या कारणावर दुर्खीमने विश्वास ठेवला नाही. पण ‘आत्महत्या’ हा शब्द ज्यांनी नोंदविला, त्यांच्यावर मात्र ठेवला. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारण्याची प्रथा ख्रिस्तसभेत शतकानुशतके चालत आलेली होती. १९१७ च्या धर्मनियमसंहितेतही ती कायम राहिली. अशा समाजात शोकाकुल कुटुंबाने, कनवाळू डॉक्टराने सत्य झाकून ठेवले असेल, तर त्यात नवल ते काय?

या शंकेची कसोटी १९९६ साली व्हान पॉपेल आणि डे या संशोधकांनी घेतली. नेदरलँड्समधील १९०५ ते १९१० या काळातील मृत्यूंच्या नोंदी त्यांनी व्यक्तीच्या धर्मानुसार तपासल्या. कॅथोलिकांमध्ये नोंदलेल्या आत्महत्या कमी होत्या खऱ्या; पण ‘आकस्मिक मृत्यू’ आणि ‘कारण अनिश्चित’ या रकान्यांत त्यांची संख्या अधिक भरली. दोन्ही पंथांतील फरकाचा उलगडा नोंदीच्या पद्धतीवरूनच होऊ शकतो, असे त्यांना आढळले.

मोजणीचा हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रात मदतीसाठी शेतकरी आत्महत्यांची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी होते. सातबारा जिच्या नावावर नाही, ती शेतात राबणारी स्त्री अशा मोजणीतून सहज निसटते.

मग दुर्खीमचा ग्रंथ टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. एकाकीपण माणसाला खचविते आणि आपुलकी त्याला तारते, ही त्याची दृष्टी आजही मोलाची आहे. व्यक्तीच्या मनात शिरण्यासाठी मात्र आकडे अपुरे पडतात. तेथे नातलगांशी धीराने बोलावे लागते. पद्धत प्रश्नाला साजेशी हवी. नोंद कोणी केली, कोणत्या भयाने केली आणि कोण नोंदीबाहेर राहिले, हेही विचारले पाहिजे. निष्कर्ष आपल्या बाजूचा असेल, तेव्हा तर अधिकच.

१९८३ च्या धर्मनियमसंहितेतून दफनविषयक तो निर्बंध वगळण्यात आला. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितले आहे. आमच्या धर्मग्रामांत कोणाच्या घरी असे दुःख आले, तर आपल्याकडे हे क्वचितच घडते असे म्हणून त्या घराकडे पाठ फिरवू नये. ते दुःख लपवून ठेवण्याची पाळी त्यांच्यावर येऊ न देणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.