गाणे आणि गल्ला : हिराबाई बडोदेकर

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून हिराबाई बडोदेकरांचे नाव निघाले की त्यांच्या आडनावाचा अभिमान हटकून व्यक्त होतो. वस्तुतः हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला, कर्तृत्व मुंबई-पुण्यात बहरले आणि १९८९ साली त्या पुण्यातच निवर्तल्या. बडोदे त्यांच्या वाट्यास आले ते आईकडून. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई दरबारचे गवई अब्दुल करीम खाँ यांच्यापाशी गाणे शिकत. दोघांचे प्रेम जमले आणि घरच्या विरोधामुळे त्यांना संस्थान सोडावे लागले. ज्या नगरीत आईला थारा मिळाला नाही, तिचेच नाव मुलीने जन्मभर मिरवले, हे आपण अभिमानाच्या भरात विसरतो.

१९२२ च्या सुमारास ताराबाई पाच मुलांसह खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. घरात विद्या होती, धन नव्हते. बंधू सुरेशबाबू माने आणि पुढे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून हिराबाईंना किराणा गायकीची कसून तालीम मिळाली. ती पदरात घेऊन त्या ज्या व्यवहारात उतरल्या, त्याची तेव्हाची रीत ध्यानी घेतली पाहिजे. गायिकेने यजमानाच्या दिवाणखान्यात गावे, बिदागी त्याच्या मर्जीने मिळावी, श्रोतेही त्याच्याच निवडीचे असावेत. तिच्या सुरांपेक्षा तिच्याविषयीची कुजबुज अधिक चाले. सभ्य घरातील स्त्रियांना अशा बैठकीत प्रवेशच नसे.

हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. असे करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पहिलेपणाचा वाद अभ्यासकांवर सोपवावा. त्या तिकिटाने काय घडविले हे मात्र स्पष्ट दिसते. यजमान मधून नाहीसा झाला. ज्याने पैसे मोजले तो श्रोता, मग तो कारकून असो वा मास्तर, आणि सोबत त्याची पत्नीही. दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, अंगविक्षेप वा अदा न करता, केवळ स्वरांवर भिस्त ठेवून हिराबाई गात. हा त्यांचा स्वभाव होता, तसाच तो एक विचारपूर्वक मांडलेला व्यवहारही होता, असे मला वाटते. कुटुंबवत्सल श्रोता तिकीट काढील तो अशाच मैफलीचे.

त्यांचे दुसरे धाडस याहून खर्चिक ठरले. माने कुटुंबाच्या नूतन संगीत विद्यालयाला जोडून १९३० च्या आसपास नाटक मंडळी उभी राहिली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका अजून रंगभूमीवर गाजत होत्या. अशा काळात येथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत, शेजारी पुरुष नट असत, आणि भावंडेही रंगमंचावर येत. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’ यांसारखी नाटके होऊ लागली. पण नाटक मंडळी म्हणजे पडदे, पोशाख, वाद्ये, बिऱ्हाड, प्रवास आणि साऱ्यांचे पगार. गल्ला कमी पडला तरी यांतील काहीच थांबत नाही. त्यातच १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट अवतरला आणि भल्याभल्या मंडळ्यांची घडी विस्कटली. हिराबाईंची मंडळीही कर्ज मागे ठेवून बंद झाली.

या ठिकाणी चरित्रकार बहुधा चटकन पुढे सरकतात. मला मात्र हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. हिराबाई मैफली, ध्वनिमुद्रिका आणि बाबूराव पेंटर यांच्या ‘प्रतिभा’सारखे बोलपट यांतून मिळवीत राहिल्या आणि देणे फेडीत राहिल्या. गायिकेचा शब्द बाजारात चालतो, हे सावकाराला पटणे त्या काळी सोपे नव्हते.

पुढे १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्या छायेत धाकटी बहीण सरस्वती राणे हिचे गाणे फुलले. दोघी बहिणींनी जुगलबंदी गाऊन तो मानही स्त्रियांकडे आणला. १९५३ साली सुरेशबाबू गेले. त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी पुढील तालीम हिराबाईंपाशी घेतली आणि त्याही तिकिटाच्या मैफलींतूनच देशोदेशी गायल्या.